दहावं वाक्य

"रेडी?" मी विचारलं.

"रेडी, टीचर," चौघे एका दमात ओरडले. आत पोहे परतणाऱ्या आचाऱ्याचा झारा थांबला, आणि तो खिडकीतून डोकावून हसला.

सकाळचे आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. चाकणच्या पुढे मोटारींचे दरवाजे बनवणारा एक नवा कारखाना उभा राहत होता, त्याच्या कॅन्टीनमध्ये माझा वर्ग भरायचा. फळा म्हणजे जेवणाच्या वेळा लिहायचा पांढरा बोर्ड. समोर स्टीलच्या टेबलाशी चार चिनी इंजिनियर वह्या उघडून, पाठी ताठ करून बसलेले. त्यांच्या देशातून एक अजस्र प्रेस आली होती. तिचा वरचा भाग खाली आला की सपाट पत्र्याचा दरवाजा व्हायचा. ती बसवून, चालवून आमच्या माणसांच्या हाती देईपर्यंत हे चौघे इथे राहणार होते. दुभाष्या मुंबईहून फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. बाकीच्या दिवशी कामं अडायला लागली, तेव्हा शिफ्टच्या आधी रोज तासभर इंग्रजी शिकवायला कंपनीने एक बाई ठेवली. ती बाई मी. वैजयंती होले, वय चोवीस, बी.एड. होऊन घरी बसलेली, आणि एका शाळेच्या मुलाखतीकडे डोळे लावून असलेली.

शिकवायची माझी पद्धत अगदी घरची होती. आमच्या गावच्या शाळेत बाई विचारायच्या, "समजलं का?" आणि आम्ही चाळीस जण छत उडेल अशा आवाजात "होऽऽ" म्हणायचो. ज्याला समजलं तोही म्हणायचा, ज्याला ओ की ठो कळलं नाही तोही म्हणायचा. न म्हणणारा एकटा पडायचा, आणि एकटं पडायला कुणालाच आवडत नाही. तेच मी इथे आणलं. मी विचारलं की चौघांनी एकदम, मोठ्याने आणि ताबडतोब उत्तर द्यायचं. जो मागे राहील त्याने गाणं म्हणायचं. चौघांतले थोरले होते हान. त्यांनी पहिल्याच दिवशी असं काही गाणं म्हटलं, की पुन्हा कुणी मागे राहिलं नाही.

पंधरा दिवसांत फरक दिसायला लागला. तोंडातून अक्षर न काढणारे हे लोक खणखणीत उत्तरं द्यायला लागले. पर्सोनेलचे देशमाने साहेब एकदा पाहुण्यांना घेऊन आले आणि दारात उभे राहून कौतुकाने म्हणाले, "बघा, आमच्या होले मॅडमनी चिनी लोकांना वाचा फोडली." मी लाजले, पण मनातून फुगले. खोटं कशाला सांगू, त्या वयात तेवढ्यानेही माणूस जमिनीच्या चार बोटं वरून चालतो.

हे काम मला मिळवून दिलं होतं संपत येळवंडे यांनी. आमच्या आळीत चार घरं सोडून राहायचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, म्हणून संपतदादा. त्या प्रेसवर ऑपरेटर म्हणून कंत्राटदाराने त्यांना घेतलं होतं. मशीन नीट चालू झालं की कायम करू, असा शब्द त्यांना मिळाला होता, आणि त्या शब्दावर त्यांचं सगळं घर चाललं होतं. रोज सकाळी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी कामावर यायचे. वाटभर ते त्या प्रेसबद्दल असे बोलायचे, जसं घरी गाय व्यायली आहे.

एक दिवस गाडी चालवता चालवता ते म्हणाले, "बाई, तुमच्या चिन्यांना एक शब्द पक्का करून द्या." मला ते आधी वैजू म्हणायचे, नोकरी लागल्यापासून थट्टेने बाई म्हणायला लागले.

"कुठला?"

"रेडी. मी बटण दाबायच्या आधी इचारतो, रेडी का? तर हे नुसत्या माना हलवत्यात. आता मान मला पलीकडची दिसती का? मधी एवढं दोन मजली मशीन."

"आणि तो पिवळा दरवाजा आहे ना? तो उघडा असला की मशीन चालतच नाही म्हणाला होतात."

"त्यो बसवलाय कुठं अजून. भिंतीला टेकून उभा हाये, कागदसुद्धा काढला नाय त्याचा. पार्ट यायचाय म्हनं. तवर तोंडानंच काम चालवायचं."

तोंडाने काम चालवायचं म्हणजे असं. पलीकडच्या बाजूला कुणी तरी आत वाकून साचा सारखा करायचा. त्याचं झालं की तो बाहेर यायचा. अलीकडे संपतदादा विचारायचे, "रेडी?" पलीकडून "रेडी" असं उत्तर आलं की ते दोन्ही हातांनी दोन हिरवी बटणं एकदम दाबायचे. दोन बटणं अशासाठी, की दाबणाऱ्याचा हात चुकूनसुद्धा आत राहू नये. दुसऱ्याच्या हाताची सोय त्या पिवळ्या दरवाज्याने करायची होती.

त्याच सकाळी मी रेडी शिकवायला घेतला. त्या एका शब्दाचा मी सबंध तास केला. जेवण रेडी आहे. मी निघायला रेडी आहे. रेडीमेड शर्ट. रेडी नसलेला माणूस. बोर्डावर जागा पुरेना. प्रत्येक वाक्य मी म्हणायचे, ते म्हणायचे. मग मी नुसतं "रेडी?" विचारायचे आणि ते "रेडी" म्हणायचे. पंचवीस-तीस वेळा घोकून घेतलं. शेवटी तर मी वाक्य अर्धवट सोडून, पाठमोरी होऊन अचानक "रेडी?" विचारायचे, आणि चौघांचं उत्तर माझ्या पाठीवर आदळायचं. मला फार मजा वाटली.

चौघांत सगळ्यात धाकटा होता लू गुओपिंग. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचा गोपी करून टाकला होता, आणि तोही गोपी म्हटलं की "ओ" द्यायला शिकला होता. त्याचं आणि संपतदादांचं मेतकूट होतं. दुपारी दोघे शेजारी बसायचे, गोपी त्यांच्या डब्यातला ठेचा खायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा आणि पुन्हा हात पुढे करायचा. शंका विचारणारा वर्गात तो एकटाच. बाकीचे लिहून घ्यायचे, हा पेन तोंडात धरून विचार करायचा.

त्या दिवशी त्याने हात वर केला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं त्याचा अर्थ असा होता, "टीचर, चार माणसं आहेत. तीन रेडी, एक रेडी नाही. मग उत्तर कुणी द्यायचं?"

शिफ्टची घंटा झाली होती. हान उठून वही मिटत होते. प्रश्न मला ऐकू आला, कळलाही. पण त्याचं उत्तर द्यायला बसलं असतं तर पाच मिनिटं मोडली असती, आणि खरं सांगायचं तर माझा इतका छान झालेला तास त्या प्रश्नाने विस्कटला असता.

"सगळ्यांनी द्यायचं," मी हसून म्हटलं. "एव्हरीबडी. ऑल टुगेदर."

"ऑल टुगेदर," तो पुटपुटला आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं.

घरी लिहून आणायला मी रेडीची दहा वाक्यं दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून तासच "रेडी?" विचारून सुरू करायला लागले.

तो सोमवार होता. बुधवारी सकाळी वह्या तपासल्या, तर गोपीची नऊच वाक्यं झाली होती. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. दहाव्या आकड्यापुढे जागा कोरी होती. "दहावं कुठे?" मी विचारलं. त्याने कपाळावर बोट टेकवलं, म्हणजे अजून विचार करतोय. "उद्या," तो म्हणाला. मी लाल पेनने नवव्या वाक्याखाली रेघ मारली आणि वही परत दिली.

अकराच्या सुमारास मी ऑफिसात हजेरीचा कागद भरत बसले होते. प्रेस चालू असली की त्या इमारतीच्या भिंतींत एक बारीक थरथर असायची, पाण्याच्या ग्लासात दिसायची. ती थरथर एकदम थांबली. मग शेडमधून कुणी तरी एकच लांब आवाज काढला, आणि त्यानंतर जी शांतता पडली ती मला अजून आठवते. मी धावत गेले तेव्हा माणसांचं कडं झालं होतं. मी आत पाहिलं नाही. मला फक्त संपतदादा दिसले. ते बटणांपाशीच उभे होते, दोन्ही हात छातीशी उलटे धरून, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत.

"रेडी म्हणाले," ते सारखं बोलत होते. "म्या इचारलं. रेडी म्हणाले. म्या ऐकलं."

गोपीचा उजवा हात मनगटापासून गेला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, देशमाने साहेबांनी मला वर्ग घ्यायला सांगितलं. "बंद केलात तर लोकांच्या तोंडी चर्चा वाढते. रोजच्यासारखं चालू द्या." मी गेले. टेबलाशी तिघे बसले होते. चौथी खुर्ची कुणीतरी मुद्दाम भिंतीकडे वळवून ठेवली होती. हान यांचे डोळे सुजलेले होते. मी बोर्डाकडे वळले, मार्करचं टोपण काढलं, आणि सवयीने तोंडातून गेलं, "रेडी?"

"रेडी, टीचर."

तिघेही. एका दमात, मोठ्याने. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही, आणि आवाज मात्र खणखणीत. म्हणून झालं आणि तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. मग हान यांनी हळूच दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

कॅन्टीनच्या खिडकीबाहेर संपतदादा उभे होते. जबाबासाठी त्यांना सकाळीच बोलावून बाहेर बसवून ठेवलं होतं. त्यांनी गज धरले.

"बाई," ते म्हणाले, "हाच. हाच आवाज व्हता."

मला सगळं तिथल्या तिथे कळलं. गोपी आत वाकलेला होता. संपतदादांनी विचारलं. प्रेसच्या पलीकडे तेलाच्या टाकीमागे उभ्या असलेल्या तिघांच्या तोंडून, त्यांना स्वतःला कळायच्या आत, माझ्या वर्गातलं उत्तर बाहेर पडलं. मी ते तीस वेळा घोकून घेतलं होतं, पाठमोरी उभी राहून.

दुपारी मी दवाखान्यात गेले. गोपी उशाला टेकून बसला होता. उजव्या हाताच्या जागी पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा. मला पाहून तो उठायला गेला, मी टीचर ना. मी त्याला बसवलं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो स्वतःबद्दल नव्हता.

"संपत? जॉब ओके?"

मी म्हटलं, चौकशी आहे उद्या.

त्याने मान हलवली आणि उशीखालून वही काढली, डाव्या हाताने, पानं नीट उलटता येईनात तरी मला हात लावू दिला नाही. दहाव्या आकड्यापुढे आता लिहिलेलं होतं. त्याच्या खालीही होतं. अक्षर पहिलीतल्या पोराने काढल्यासारखं, ओळी उतरत गेलेल्या. एवढं लिहायला त्याला किती वेळ लागला असेल कुणास ठाऊक. "होमवर्क," तो म्हणाला, आणि मग वहीवर बोट ठेवून, "गिव्ह बिग बॉस."

ती वही घेऊन मी घरी आले. चहा केला, ओट्याशी बसले, वही उघडली आणि वाचली. इंग्रजी मोडकं होतं, पण मजकूर स्वच्छ होता. आणि मग मी जे केलं ते पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. माझा हात पर्सकडे गेला आणि मी लाल पेन काढलं. क्रियापदं सुधारली. गाळलेले शब्द वर लिहिले. एक स्पेलिंग गोल करून बाजूला दुरुस्त केलं. पार शेवटी आले, खाली सही करायला गेले, तेव्हा मला भान आलं की मी काय तपासते आहे. सवय अशी गोष्ट आहे. त्या तिघांचीही तीच होती आणि माझीही तीच.

शुक्रवारी सकाळी देशमाने साहेबांनी मला आपल्या केबिनमध्ये बसवलं. आवाज अगदी वडीलधारा.

"मॅडम, एक लक्षात ठेवा. ट्रेनिंगमध्ये काही चूक होती असं कागदावर आलं, तर पोलीस पहिल्यांदा ट्रेनिंग देणाऱ्याचं नाव विचारतील. तुमच्याकडे आमचं नेमणूकपत्रसुद्धा नाही. आम्ही तुम्हाला कसं वाचवणार? तुमची शाळेची मुलाखत कधी आहे?"

"पुढच्या सोमवारी."

"मग झालं तर. विचारतील तेवढंच बोला."

चौकशी मीटिंगच्या खोलीत झाली. फॅक्टरी मॅनेजर मधे, बाजूला देशमाने, मुंबईहून आलेला दुभाष्या, समोर ते तिघे आणि टेबलाच्या टोकाला संपतदादा. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दुभाष्याने तिघांना विचारलं, गोपी रेडी म्हणाला का? हान टेबलाकडे बघत म्हणाले, आम्ही टाकीमागे होतो, त्याचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही. हे खरंच होतं. तुम्ही म्हणालात का, असं त्यांना कुणीच विचारलं नाही.

"मग येळवंडे, तुम्ही कुणाचा आवाज ऐकलात?" मॅनेजरने विचारलं.

"साहेब, लई जणांचा. वर्गात म्हणत्यात तसा. बाईंना इचारा. मी रोज ऐकतो, ह्ये समदे एकदमच म्हणत्यात. बाईंनी शिकवलंय तसं. बाई खोटं नाय बोलायच्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पर्स माझ्या मांडीवर होती आणि वही पर्समध्ये होती. तिचा कोपरा मला कापडातून टोचत होता.

"मॅडम," मॅनेजर म्हणाले, "तुमच्या वर्गात हे लोक एकत्र उत्तर देतात का?"

मी म्हटलं, "नाही. मी प्रत्येकाकडून वेगवेगळं उत्तर घेते."

"म्हणजे एकाच्या वतीने दुसऱ्याने उत्तर देण्याची सवय त्यांना नाही."

"नाही."

मी घाबरले होते. एवढंच खरं कारण. बाकी सगळी कारणं मी नंतर बसून जमवली. वहीवर माझी लाल शाई पडली, आता ती पुरावा म्हणून कोण घेणार, हेही त्यातलंच एक. पोलीस, मुलाखत, वडिलांचं नाव, सगळं नंतर. त्या क्षणी मला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. हान यांना मराठी येत नव्हतं आणि दुभाष्याने माझं उत्तर त्यांना सांगायची तसदी घेतली नाही. संपतदादांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गोंधळून पाहिलं, जणू आपणच काहीतरी चुकीचं बोलून बसलो.

सांगण्यासारखं अजून एक आहे. संध्याकाळी मी गेटमधून बाहेर पडले, तर मोटारसायकल घेऊन ते उभे होते. रोजच्या जागी.

"बसा," ते म्हणाले.

मी बसले. अर्ध्या वाटेत त्यांनी मान न वळवता विचारलं, "बाई, काल खिडकीतून म्या जे ऐकलं, ते खरंच ऐकलं ना?"

वारा होता. ऐकू न आल्यासारखं करायला सोपं गेलं.

त्यांना कामावरून काढलं. हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल झाला, अडीच वर्षं खेडच्या कोर्टात तारखा झाल्या आणि शेवटी ते सुटले. पण तोपर्यंत पंचक्रोशीतल्या कुठल्याच कारखान्याने त्यांना उभं केलं नाही. घर आवरून ते मंचरकडे, बायकोच्या माहेरी गेले. गोपी दहाव्या दिवशी विमानाने गेला. पिवळा दरवाजा चौकशीनंतरच्या सोमवारीच बसला. पार्ट कुठून आला कुणी विचारलं नाही. त्याच सोमवारी माझी मुलाखत झाली आणि मला नोकरी लागली.

याला अकरा वर्षं झाली. माझ्या वर्गात आता कुणी एकत्र उत्तर देत नाही. मी एकेकाला उभं करते. "तुला समजलं? आणि तुला?" बावन्न मुली आहेत, अर्धा तास त्यातच जातो. मुख्याध्यापक दर वर्षी कुरकुरतात की बाईंचा अभ्यासक्रम मागे राहतो. राहू दे.

मागच्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत स्टाफरूमच्या दारात एक माणूस उभा राहिला. केस पांढरे, खांद्यावर टॉवेल. मुलीचं नाव आठवीत घालायला आले होते. माझी बदली त्या बाजूला झाल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मला पाहून ते हसले. हसले, हेच मला सोसेना.

"बाई, तुम्ही हितं? मंग तर पोरीची काळजीच मिटली."

"बसा, संपतदादा," मी म्हटलं. कपाट उघडलं. ती वही प्रत्येक शाळेत माझ्याबरोबर फिरली होती, घरी ठेवायचा धीर मला कधी झाला नव्हता. ती मी त्यांच्यापुढे ठेवली.

"ह्ये काय?"

"गोपीची वही. दवाखान्यात डाव्या हाताने लिहिलं होतं त्याने. तुमच्यासाठी."

त्यांनी पानं उलटली. नऊ वाक्यांवरून हात फिरवला, मग खालच्या उतरत्या ओळींवर थांबले. "मला कुठं वाचता येतंय इंग्रजी. तुम्हीच वाचा."

मी मराठीत वाचून दाखवलं. "दहा. मी रेडी नव्हतो. संपतने विचारलं. मी रेडी म्हटलं नाही, मी आत होतो. थांब म्हणून ओरडलो, पण माझ्या भाषेत. बाहेर माझे मित्र होते. त्यांनी रेडी म्हटलं, सगळ्यांनी मिळून, वर्गात म्हणतो तसं. संपतने बरोबर ऐकलं. संपत चांगला माणूस आहे."

मग त्यांनी एका जागी बोट ठेवलं. "ह्ये लाल काय हाये?"

"माझं. मी तपासलं होतं."

"चुकलं व्हतं का त्याचं?"

"इंग्रजी चुकलं होतं. बाकी काही चुकलं नव्हतं."

"म्हंजी तवाच वाचलं व्हतं तुम्ही."

"हो."

"साहेबांपुढं बसला व्हता, तवा जवळ व्हती ही?"

"हो. पर्समध्ये होती."

मला वाटलं ते उठतील, ओरडतील, वही फाडतील. मी त्याची वाट बघत होते, कदाचित त्यासाठीच तिला अकरा वर्षं जपलं होतं. ते खुर्चीत होते तसेच बसून राहिले आणि हलक्या आवाजात बोलले.

"म्या दोनदा कान तपासून आलो, बाई. एकदा मंचरला, एकदा पुण्याला. डॉक्टर म्हणले, कान चांगले हायेत. मंग मला वाटलं, डोक्यातच काय तरी झालं असंल. बाई खोटं बोलत नाय, मंग म्या ऐकलं ते काय व्हतं? घरात बायकोनं हाक मारली तरी म्या उठत नाय लगेच. इचारतो, खरंच मारली का. पोरं हसत्यात."

मला बोलायचं होतं. माफी मागायची होती, तीसुद्धा कितीदा मनात तयार केलेली होती. त्या शब्दांना आता काही चव उरली नव्हती.

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "ते मधलं परत वाचा. बरोबर ऐकलं म्हणतोय, ते."

"संपतने बरोबर ऐकलं," मी वाचलं.

"असंच लिहिलंय?"

"असंच लिहिलंय."

त्यांना ती ओळ ओळखता येत नव्हती. इतकं होऊनही त्यांना माझ्याच तोंडावर विश्वास ठेवावा लागत होता, आणि ते ठेवत होते.

"परत," ते म्हणाले.

मी परत वाचलं. बाहेर तासाची घंटा झाली, माझ्या वर्गातून बावन्न मुलींचा गलका ऐकू यायला लागला. संपतदादा उठले नाहीत. डोकं थोडं खाली करून, एक कान माझ्याकडे वळवून ते बसले होते. मी ओळीवर बोट ठेवलं आणि तिसऱ्यांदा वाचलं.